वहीतला डावा हात

वहीवर नाव त्याचं होतं आणि आतले आकडे त्याच्या बायकोच्या डाव्या हाताचे होते. आठ महिने हे असं चाललं होतं. पहिले चार महिने त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. पाचव्या महिन्यात ते फक्त त्याला दिसलं, आणि त्याने मशीनचं तोंड स्वतःकडे फिरवून घेतलं.

तो क्रेन चालवायचा. बासष्ट मीटर उंचीवर टेलिफोनच्या बूथएवढी केबिन, पायांखाली काच, दोन्ही हातांशी दोन दांडे. शिडीने वर चढायला त्याला अठरा मिनिटं लागत, उतरायला चौदा. एकदा चढला की जेवणाच्या सुट्टीतही तो खाली येत नसे, डबा वरच खाई. साइटवर सगळे त्याला 'वरचे' म्हणत. आधी सळ्या उचलायच्या की फळ्या यावर दोन टोळ्यांची जुंपली की मुकादम हात वर करून म्हणे, "वरच्यांची मर्जी," आणि भांडणारेही हसत. जमिनीवर उभा राहून वॉकीटॉकीवर त्याला दिशा सांगणाऱ्या सिग्नलवाल्याचं नाव मग ओघानेच 'खालचा' पडलं. वरचे आणि खालचा नऊ वर्षं एकत्र काम करत होते. नऊ वर्षांत त्यांच्या हातून एक वीटही चुकीच्या जागी टेकली नव्हती.

या गोष्टीचा त्याला अभिमान होता. नव्या क्रेनवाल्यांना तो एक किस्सा नेहमी सांगे. दुसऱ्या एका साइटवर एका पठ्ठ्याने वजनाच्या भोंग्यावर चिंधी कोंबली होती. जास्त भार उचलला की तो भोंगा कोकलतो, आणि पठ्ठ्याचं त्या आवाजाने डोकं उठायचं. चिंधी कोंबल्यावर केबिन शांत झाली. सतरा दिवसांनी क्रेनचा हात वाकला आणि खाली दोन माणसं गेली. "भोंगा गप्प केला म्हणून भार कमी होतो का रे?" असं तो विचारी, आणि ऐकणारे माना हलवत.

दोन वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत त्याचा रक्तदाब १६८/१०२ निघाला होता. कंपनीच्या डॉक्टरांनी तीन मिनिटांत सगळं सांगून टाकलं: मीठ कमी, चालणं रोज, ही गोळी सकाळी न चुकता, पुढचा. गोळी अंगातलं पाणी बाहेर काढणारी होती. त्याने ती अकरा दिवस इमानेइतबारे घेतली. बाराव्या दिवशी जे झालं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर कामाच्या दिवशी त्याने गोळीला हात लावला नाही.

मग कंपनीने नियम काढला. गोळ्या चालू असलेल्या प्रत्येक क्रेनवाल्याने घरी दर रविवारी रक्तदाब मोजायचा, वहीत लिहायचा आणि महिन्यातून एका मंगळवारी ती वही समुपदेशन करणाऱ्या बाईंना दाखवायची. लागोपाठ तीन महिने आकडे वाईट आले तर केबिन बंद, गोदामात बसायचं. गोदामात बसलेला एक क्रेनवाला त्याच्या पाहण्यात होता. तो दिवसभर खिळ्यांचे खोके मोजायचा आणि दर तासाला बाहेर येऊन वर बघायचा.

लेकीने सासरहून मशीन पाठवलं. पहिल्या रविवारी सकाळी त्याने पट्टा स्वतःच्या दंडावर बांधला. १७२/१०६. त्याने पुन्हा मोजलं. १७४/१०६. बायको पलीकडे शिलाई मशीनवर बसली होती. ती हॉटेलांचे, दवाखान्यांचे पडदे घरी शिवून देई. तिने चष्मा कपाळावर ढकलला आणि त्याचा चेहरा पाहिला.

"अहो, इकडे द्या तो पट्टा," ती म्हणाली.

"तुला कशाला?"

"द्या तर."

तिने डावा हात पुढे केला. मशीन गुरगुरलं, थांबलं. १२४/८०.

"घ्या," ती म्हणाली. "हे लिहा."

"अगं, पण हा तुझा हात."

"घर एक, चूल एक, मीठ एकाच डब्यातलं. हात कुणाचा का असेना."

ती थट्टेत म्हणाली होती. तोही हसला. पण वही उघडून, त्याचं अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट म्हणून तिनेच तो आकडा लिहिला. गोलसर, सुटं, शाळेत बक्षीस मिळवलेलं अक्षर. पुढच्या रविवारी तिने विचारलंही नाही, चहाचे कप बाजूला सारून हात पुढे केला.

बाईंच्या भेटीआधी तो पाच दिवस गोळी घ्यायचा आणि त्या पाच दिवसांत कामावर पाण्याचा थेंब तोंडात घालत नसे. ओठ फुटायचे, दुपारी डोळ्यांपुढे क्षणभर अंधारून यायचं. वॉकीटॉकीवर खालचा म्हणे, "वरचे, झोपलात काय? डावीकडे दोन मीटर म्हणालो ना." तो म्हणे, "ऐकलं रे, उगाच ओरडू नकोस." मंगळवारी बाईंच्या मशीनवर १३८/८८ यायचं आणि सगळं ठीक व्हायचं.

बाई आधी मोठ्या इस्पितळात परिचारिका होत्या. साइटच्या फाटकाजवळ पत्र्याच्या खोलीत त्या बसत: एक पंखा, एक वजनकाटा, दोन खुर्च्या आणि एक खिडकी, जिच्यातून क्रेनचा निम्मा खांब दिसे. "सावकाश सांगा" हे त्यांचं पालुपद, म्हणून कामगारांनी त्यांना 'सावकाशबाई' करून टाकलं होतं. सावकाशबाईंकडे गेला की माणूस अर्ध्या पाळीने परततो, असं म्हणत. त्या टेबलापलीकडे न बसता खुर्ची शेजारी ओढून बसत. काय करायचं ते सांगत नसत, विचारत. आणि विचारून झालं की गप्प राहत. ते गप्प राहणं त्याला मुळीच आवडत नसे. तो परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं द्यायचा. मीठ? अगदी बेताचं. चालणं? रोज. गोळी? न चुकता. बाई मान हलवत आणि लिहून घेत, पण लिहिण्याआधी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत. पहिल्याच भेटीत त्यांनी वही चाळून विचारलं होतं, "अक्षर सुरेख आहे. तुमचं?"

"बायकोचं."

"छान. म्हणजे घरातून मदत आहे."

"भरपूर," तो म्हणाला होता.

पाचव्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बायकोच्या हातावर १३८/८८ आलं. तो म्हणाला, जिना चढून आलीयस, जरा टेक. ती टेकली. १४०/८८. त्याने तेच लिहायला सांगितलं. त्याच्यापुढच्या रविवारी १४८/९४. त्याने मशीनच्या बॅटऱ्या बदलल्या. १५०/९४. मग ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने पट्टा चोरून स्वतःच्या दंडावर बांधला आणि १८०/१०८ पाहून त्याला चक्क हायसं वाटलं. मशीनच बिघडलंय, तो स्वतःशी म्हणाला. दोघांचंही वाढवून दाखवतंय. गोळी न घेणाऱ्या माणसाच्या दंडावर तेवढंच यायला हवं, हे त्याला ठाऊक होतं. पण त्या सकाळी त्याने ते ठाऊक असू दिलं नाही.

त्या रविवारपासून मशीनचं तोंड त्याच्याकडे असायचं. तो आकडा बघायचा आणि दुसराच मोठ्याने वाचायचा.

"एकशे तीस. पंच्याऐंशी."

"बघा," बायको लिहिता लिहिता म्हणायची. "माझा हात किती गुणाचा. माझा हात आहे म्हणून तुम्ही वर आहात."

तिने स्वतःची तब्येत कधी कुणाला दाखवली नव्हती. दाखवायची गरजही तिला वाटत नव्हती. दर रविवारी नवऱ्याच्या तोंडून ती ऐकत होती की ती ठणठणीत आहे. लेकीचा फोन आला की सांगायची, "मला काय धाड भरलीय? तुझ्या मशीनवर मोजते ना मी. एकशे तीस." लेक तिकडून म्हणायची, "आई, मशीन बाबांसाठी दिलंय," आणि ही हसायची.

सहावा महिना गेला. १५८/९६. सातव्यात १६६/१०२, मग १७२/१०४. तो वाचायचा: एकशे पंचवीस, ऐंशी. एकशे तीस, पंच्याऐंशी. सांगायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं, फक्त केव्हा ते ठरत नव्हतं. आधी वार्षिक तपासणी होऊन जाऊ दे. मग हॉटेलच्या चाळीस पडद्यांचं काम तिच्या हातात होतं, ते उरकू दे. मग वरच्या मजल्यांचे स्लॅब होते, तेवढे पडू देत. दर रविवारला त्याचं त्याचं कारण होतं, आणि प्रत्येक कारण त्या त्या दिवशी खरं वाटायचं.

ती डोक्याला फडकं बांधून शिवायला बसू लागली. पडद्यांच्या पांढऱ्या कापडाने डोळ्यांवर ताण येतो, म्हणाली. सुईत दोरा ओवायला त्याला हाक मारू लागली. तो ओवून द्यायचा. मग एके दिवशी हॉटेलवाल्याने एक पडदा परत पाठवला. खालची दुमड एका टोकाला सरळ होती आणि दुसऱ्या टोकाला चार बोटं तिरकी गेली होती. तेवीस वर्षांत तिची दुमड कधी तिरकी गेली नव्हती. तिने पडदा मांडीवर घेतला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी नाही शिवलेला हा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा आला असेल." मग कडेचा टाका ओळखून तिने उसवायला कात्री घेतली.

त्या रविवारी तिच्या हातावर १८८/११२ आलं. तो आकड्याकडे बघत राहिला.

"झोपलं का तुमचं मशीन?" ती म्हणाली. पेन हातात तयार होतं.

"एकशे तीस," तो म्हणाला. "पंच्याऐंशी."

दोन दिवसांनी मंगळवार होता.

"बसा. पाठ टेका," सावकाशबाई म्हणाल्या. "पाच मिनिटं काही बोलायचं नाही."

पंखा फिरत होता. खिडकीतून खांब दिसत होता. बदली क्रेनवाला वर होता आणि हूक जरा जास्तच झुलत होता. बाईंनी पट्टा बांधला. १४२/९०. मग वही मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून सावकाश पलटत गेल्या. इतक्या सावकाश त्यांनी ती आधी कधी पाहिली नव्हती.

"एक दाखवू का?" त्या म्हणाल्या. "रागावू नका."

त्यांनी पेन्सिलीचं टोक पानावर ठेवलं. "हे पहिले चार महिने. एकशे चोवीस, एकशे एकोणतीस, एकशे बावीस, एकशे सव्वीस. मशीन असेच देतं, काहीही. आणि हे गेले तीन महिने. तीस, पंचवीस, तीस, तीस, पस्तीस. खाली ऐंशी, पंच्याऐंशी, ऐंशी. सगळे शून्यावर नाहीतर पाचावर. मशीनला शून्य-पाचाचं एवढं वेड नसतं. माणसाला असतं."

त्याने वर केलेली बाही खाली ओढली. बोलायचं नसतं ती पाच मिनिटं केव्हाच संपली होती.

"मी चौकशी करायला बसलेली नाही," बाई म्हणाल्या. "गोळी घेता का, हेही आज विचारत नाही. ते मी सात वेळा विचारलं आणि तुम्ही सात वेळा हो म्हणालात. चूक माझीच झाली, प्रश्नच असा होता की ज्याला हो म्हणणं सोपं. आज दुसरं विचारते. तुमचा दिवस सांगा. उठल्यापासून. सावकाश."

त्याने सांगितला. पाचला उठणं, चहा, डबा, साडेसातला फाटक, आठला केबिन.

"मग खाली केव्हा?"

"साडेपाचला."

"मधे?"

"मधे नाही. चौदा मिनिटं उतरायला, अठरा चढायला. खाली वीस माणसं हात बांधून उभी राहतात."

"मग लघवीला कुठे जाता?"

दोन वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, मुकादमाने नाही, बायकोनेही नाही. त्याची कानशिलं तापली.

"बाटली असते," तो म्हणाला. "सगळ्यांकडे असते."

"आणि ही गोळी घेतल्यावर?"

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "बाराव्या दिवशी तीन टन सळ्या हुकाला होत्या. वारा सुटलेला. दोन्ही हात दांड्यांवर. सोडता येत नव्हतं." मग हळूच, "सोडलं नाही. दांडे सोडले नाहीत."

बाई गप्प राहिल्या. या वेळी ते गप्प राहणं वेगळं होतं.

"त्या दिवशी सगळे घरी गेल्यावर उतरलो. बायकोला म्हटलं, पाणी सांडलं. पॅन्ट स्वतः धुतली. तेव्हापासून कामाच्या दिवशी नाही घेत. तुमच्याकडे यायचं असलं की पाच दिवस घेतो."

"हे मला पहिल्याच महिन्यात कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता आणि रागही नव्हता. "गोळी बदलता येते. पाणी न काढणाऱ्या गोळ्या आहेत. डॉक्टरांशी मी बोलले असते. दोन मिनिटांचं काम होतं."

दोन मिनिटांचं. त्याला ते शब्द कुठे ठेवावेत कळेना. बाईंनी वहीचं पहिलं पान पुन्हा उघडलं होतं.

"एक मात्र जुळत नाही," त्या म्हणाल्या. "हे पहिले आकडे खरे आहेत, मशीनचे. पण गोळी तर तुम्ही घेत नव्हता. मग एकशे चोवीस आलं कुठून?"

त्याने वहीकडे हात नेला आणि मागे घेतला.

"हात कुणाचा?"

अजून एक उत्तर त्याच्या तोंडाशी होतं. मित्राचा. खालच्याचा. तसं सांगितलं असतं तर त्याची केबिन गेली असती, बाकी काही नाही. किंवा काहीच न सांगता वही उचलून निघता आलं असतं. आठवडाभरात काहीतरी सुचलं असतं. येत्या रविवारी पुन्हा डावा हात पुढे आला असता.

"बायकोचा," तो म्हणाला.

बाईंची पेन्सिल पानांवरून पुढे सरकत गेली आणि जिथे शून्य-पाच सुरू होत होते तिथे थांबली.

"मग खोटे आकडे का लागले?" त्या म्हणाल्या. उत्तर त्यांना कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "शेवटचा खरा किती?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी. खाली एकशे बारा."

"केव्हा?"

"परवा. रविवारी."

"त्यांना काय सांगितलंत?"

"एकशे तीस."

बाईंनी वही मिटली. आता त्या सावकाश बोलत नव्हत्या. डोकं दुखतं का? दुखतं. किती दिवस? महिना झाला असेल. नजर? सुईत दोरा मी ओवतो. बोलण्यात, चालण्यात काही फरक? त्याला पडदा आठवला, चार बोटं तिरकी दुमड. त्याने ते सांगितलं. बाई उभ्या राहिल्या.

"घरी फोन लावा."

त्याने लावला. चौथ्या घंटीला बायकोने उचलला. पाठीमागे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला.

"काय हो, झाला का पास माझा हात?"

"काम बंद कर," तो म्हणाला. "मी येतोय. पडून राहा."

"पडून? दोन पडदे उरलेत नुसते."

"अगं, ऐक."

"तुमचं हे 'अगं, ऐक' मला कळत नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"साइटची रुग्णवाहिका बाहेर गेलीय, आली की तुमच्या मागोमाग पाठवते," बाई म्हणाल्या. "इस्पितळात मी कळवते. आणि हे मला लिहावं लागेल, तुमचंही. केबिनचं."

"लिहा," तो म्हणाला. फाटकातून बाहेर पडताना त्याने नेहमीसारखं वर पाहिलं नाही.

घर चौथ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. तो धापा टाकत वर पोचला तेव्हा दार उघडंच होतं. ती पडली नव्हती. शिलाई मशीनपाशी खुर्चीत बसली होती, डोक्याला फडकं, मांडीवर पांढरं कापड. त्याला पाहून तिने कापड बाजूला ठेवलं.

"मंगळवारीच मोजायचंय का?" ती म्हणाली आणि डावा हात पुढे केला.

त्याने पट्टा बांधला. वही तिच्यासमोर उघडली. मशीन गुरगुरत राहिलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. त्याने ते टेबलावर तिच्याकडे तोंड करून ठेवलं होतं, पण ती त्याच्याकडेच बघत होती, पेन हातात घेऊन. तिला आता ते आकडे दिसत नसावेत, हे त्याच्या लक्षात आलं.

"हं. किती लिहू?"

"दोनशे सहा," तो म्हणाला. "एकशे अठरा."

"नीट बघा."

"नीटच बघतोय."

तिने लिहिलं. दोनाचा आकडा नीट आला, शून्य उघडंच राहिलं, सहा रेघेखाली घसरला. तिने लिहिलेल्याकडे पाहिलं, मग मागची पानं उलटली, एक, दोन, तीन. ती हुशार बाई होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"पाचव्या महिन्यापासून."

"म्हणजे चाळीस पडदे," ती म्हणाली. तिने पेनला टोपण लावलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. "तो भोंग्यावाला. त्याला तुम्ही केवढी नावं ठेवायचात."

त्याला वाटलं होतं ती ओरडेल, निदान रडेल. ती उठली, शिलाई मशीनवर रोजच्यासारखं झाकण ठेवलं आणि पायांत चपला सरकवल्या. डाव्या पायाची चप्पल तिला चटकन सापडली नाही.

"गाडी येतेय. थांब, खुर्चीवरून खाली नेतील."

"खुर्चीवरून? अख्ख्या बिल्डिंगीसमोर? चला."

अडसष्ट पायऱ्या होत्या. तो तिच्यापुढे, तिच्याकडे तोंड करून, उलटा उतरत होता. दोन्ही हात अर्धवट उचललेले, लोड उतरताना साइटवर खालचा जसा उभा राहतो तसा. बोटाच्या इशाऱ्यावर तीन टन उचलणारा माणूस एकेक पायरी बोलत होता. "ही. आता ही. हळू."

"मी काय तुमच्या सळ्या आहे का?" ती म्हणाली. शब्द जरा जड आले.

तिसऱ्या मजल्यावर ती कठड्याला टेकून थांबली. पुन्हा निघाली. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर मात्र ती खाली बसली, साडी नीट आवरून, जणू कुणाची वाट बघायला बसावं तशी.

"हा हात भरून आल्यासारखा झालाय," ती म्हणाली.

"कुठला?"

तिने तो पुढे करायचा प्रयत्न केला. दर रविवारी तो आपोआप पुढे यायचा. आता तो मांडीवरून चार बोटं उचलला गेला आणि परत मांडीवर पडला. दंडावर पट्टा अजून तसाच होता. दोघांनाही तो काढायचं सुचलं नव्हतं. नळी खाली लोंबत होती.

तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि पट्ट्याचं टोक ओढून सोडवू लागला. खाली फाटकाशी गाडीचा भोंगा वाजला, एकदा, मग पुन्हा. अजून चौतीस पायऱ्या होत्या.